दाखला काढला म्हणजे जात जिवंत ठेवली, असं होतं का?

ऐरोलीच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. ते एका अमेरिकी कंपनीच्या इथल्या ऑफिसात काम करतात. तिथे वंश, ओळख आणि समान संधी या विषयावर एक सत्र झालं. सत्र घेणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं की विज्ञानाच्या दृष्टीने माणसांत वेगवेगळे वंश नाहीत. मग अटलांटाहून एक सहकारी ऑनलाइन बोलले आणि आपण कृष्णवर्णीय असल्याचा अभिमान वाटतो म्हणाले. जेवायला बसल्यावर एक मित्र म्हणाला, "जे मुळात नाहीच त्याचा अभिमान कसला? नावं घेणं बंद करा, भेद आपोआप बंद होईल." प्रश्नकर्त्यांना हे पटलंही आणि टोचलंही, कारण घरात तोच वाद चालू आहे. मुलगी दहावीत. कुटुंब राखीव प्रवर्गातलं, मूळ गाव सातारा जिल्ह्यात, आजोबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये नोकरीला आले ते इथेच राहिले. मुलीचा जातीचा दाखला काढावा असं यांना वाटतं. पत्नी म्हणतात, आपण दोघं कमावतो, त्यातून बाहेर आलोय, आता कागद काढला तर आपणच जात जिवंत ठेवतोय.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात बरीच वर्षं सामाजिक तत्त्वज्ञान शिकवते आणि आसपासच्या ऑफिसांतून या विषयावर बोलायला जाते. तुमच्या मित्राचं वाक्य मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकू येतं. बोलणाऱ्या बहुतेकांना मनापासून भेद नको असतो, म्हणून त्यांना झटकून टाकणं बरोबर नाही. पण त्या एका वाक्यात दोन प्रश्न एकत्र बांधलेत. एक, हा गट खरा आहे का? दुसरा, गटाच्या नावाने न्याय मागितला तर गट आणखी पक्का होतो का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं की दुसऱ्याचं उत्तर मिळालंच, असं तुमचा मित्र धरून चालतो. माझं सगळं म्हणणं या गृहीतकाविरुद्ध आहे.

आधी काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते. तुम्ही अनुसूचित जातीत आहात की इतर मागासवर्गात, हे लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नाही, पण त्यावर उत्पन्नाची अट लागते की नाही हे ठरतं. ओबीसींना नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे कुटुंब सुस्थितीतल्या गटात मोडत नाही याचं प्रमाणपत्र, लागतं, अनुसूचित जातींना नाही. मुलीला स्वतःला काय वाटतं तेही तुम्ही सांगितलेलं नाही, आणि ते माझ्या मतापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. तेव्हा शेवटचा निर्णय घरातच होईल. मी तुम्हाला त्यामागचा विचार कसा करायचा ते सांगू शकते.

विज्ञानाचं म्हणणं खरं आहे. रिचर्ड ल्युऑन्टिन या जनुकशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये हिशोब मांडला होता, की माणसामाणसांत जो जनुकीय फरक आढळतो त्यातला सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आतला असतो. आपण ज्यांना वंश म्हणतो त्यांच्यामधल्या फरकाच्या वाट्याला फार थोडा उरतो. पण अमेरिकेतला वंश कोणी प्रयोगशाळेत शोधला नव्हता. तो कायद्याने केला. व्हर्जिनियात १६६२ मध्ये ठरलं की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल. म्हणजे गोऱ्या मालकाला गुलाम बाईपासून झालेलं मूल त्याचीच मालमत्ता. रक्ताचं नातं कायद्याने बाजूला सारलं आणि मालकीचं नातं पुढे आणलं.

यातलं एक प्रकरण मी प्रत्येक वर्गात सांगते, कारण ते आपल्या माणसाचं आहे. त्या काळी अमेरिकेत बाहेरून आलेल्याला नागरिकत्व हवं तर तो गोरा तरी हवा किंवा आफ्रिकी वंशाचा तरी. १९२२ च्या नोव्हेंबरात ताकाओ ओझावा या जपानी माणसाला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गोरा म्हणजे नुसत्या गोऱ्या कातडीचा नव्हे, गोरा म्हणजे कॉकेशियन, त्या काळच्या वंशशास्त्राने पाडलेल्या एका गटातला. तुम्ही कॉकेशियन नाही. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद यांचा खटला आला. पंजाबचे, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात राहिलेले. त्या वेळच्या शास्त्रात उत्तर भारतीय कॉकेशियनच गणले जात. थिंद यांच्या बाजूने तर असंही मांडलं गेलं, की ते उच्चजातीय आर्य आहेत आणि खालच्या मानलेल्यांशी लग्न न करणारे आहेत. म्हणजे एका देशातली उतरंड दाखवून दुसऱ्या देशातल्या उतरंडीत वरची पायरी मागितली. न्यायालयाने तेच शास्त्र बाजूला ठेवलं आणि म्हटलं, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. थिंद हरले. ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली.

पुढे तर गंमत म्हणावी अशी स्थिती, पण माणसांची आयुष्यं त्यात गेली म्हणून गंमत म्हणवत नाही. अमेरिकेच्या १९२० ते १९४० च्या जनगणनेत भारतीयांचा वंश 'हिंदू' असा लिहिला जाई, मग माणूस शीख असो की मुसलमान. १९७० मध्ये तेच लोक गोऱ्यांत मोजले गेले. १९८० पासून 'एशियन इंडियन' असा वेगळा रकाना आला. साठ वर्षांत तीन वंश. माणसं तीच होती.

आणि काळ्या रंगाचा अर्थ तरी सगळीकडे एक कुठे होता? मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती आला. मोगलांना त्याने कितीतरी वर्षं झुंजवलं, खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद वसवलं, १६२६ मध्ये वारला. मूळचे आफ्रिकेतले असलेले जंजिऱ्याचे सिद्दी तर आपल्या शेजारच्या रायगडातले. गुलामगिरी इथेही होतीच, ती कमी क्रूर होती असं मी म्हणत नाही. पण तोच रंग त्याच शतकात व्हर्जिनियात पिढ्यानपिढ्यांची बेडी ठरत होता आणि इथे ठरत नव्हता. रंगाला अर्थ व्यवस्था देते.

तुमच्या मित्राची चूक इथून पुढे होते. वंश रक्तात नाही म्हणजे वंश नाहीच, असं तो म्हणतो. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस हे कृष्णवर्णीय विचारवंत या प्रश्नाशी जन्मभर झुंजले. १८९७ मध्ये ते म्हणत होते, की प्रत्येक वंशाकडे जगाला देण्यासारखं काहीतरी खास असतं, म्हणून वंश टिकले पाहिजेत. पुढे तत्त्वज्ञ क्वामे अँथनी अपिया यांनी नेमकं या म्हणण्यावर बोट ठेवलं. इतिहास आणि संस्कृतीचं नाव घेतलं तरी तुमच्या व्याख्येत रक्त मागच्या दाराने येतंच, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो मला बरोबर वाटतो. पण खुद्द डू बॉइस १९४० पर्यंत वेगळ्या ठिकाणी पोचले होते. काळा माणूस म्हणजे कोण, याचं त्यांचं उत्तर साधारण असं होतं, की अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ज्याला वेगळ्या डब्यात बसावं लागतं तो. यात नाक, केस, कवटी काहीच नाही. रेल्वेचा डबा आहे आणि डब्यावरचा नियम आहे. सॅली हॅसलॅंगर यांच्यासारख्या आजच्या तत्त्वज्ञांनी हाच धागा पुढे नेला. शरीरावरच्या खुणा पाहून ज्यांना खालच्या किंवा वरच्या जागी ढकललं जातं, ते ढकललं जाणंच त्यांचा गट बनवतं.

हे पुस्तकी वाटत असेल तर नवी मुंबईतच पाहा. घणसोली गावातल्या एका विद्यार्थिनीला मी वर्गात विचारलं, तुम्ही लोक प्रकल्पग्रस्त कधी झालात? ती म्हणाली, "जमिनीची नोटीस आली तेव्हा." मला यापेक्षा चांगली व्याख्या सापडलेली नाही. १९७० मध्ये सिडको आली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या गावांच्या भातजमिनी, मिठागरं शहरासाठी घ्यायचं ठरलं. त्याआधी दिवाळ्याचा कोळी, घणसोलीचा आगरी आणि उरणकडचा कराडी यांना एका नावाने हाक मारायचं काही कारण नव्हतं. बोली वेगळी, धंदे वेगळे, सोयरिकी वेगळ्या. एका सरकारी कागदाने त्यांचा एक गट झाला. पुढे जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि दर जानेवारीला आजही त्यांना अभिवादन होतं. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत द्यायची, हे तत्त्व त्या लढ्यातून पुढे आलं.

आता कोणी म्हणालं, की प्रकल्पग्रस्त नावाचा काही जनुक नाही, तेव्हा ही ओळख खोटी आणि साडेबारा टक्क्यांची मागणीही खोटी, तर आपण काय म्हणू? जमीन गेली ती खरी होती एवढंच म्हणू. आणि नुसतं नाव वगळल्याने काय होईल? सिडकोच्या कागदावरून 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द खोडला तर जमीन परत येणार नाही, फक्त ती कोणाची होती हे विचारायची सोय जाईल.

त्याच विद्यार्थिनीने पुढे सांगितलं, की गावाच्या त्या कार्यक्रमाला जाताना तिला अभिमान वाटतो. कशाचा? जमीन गेल्याचा कोण अभिमान बाळगेल? तिला अभिमान वाटतो तो आजी त्या मोर्चात होती याचा, लोक एकत्र उभे राहिले याचा. तुमच्या अटलांटाच्या सहकाऱ्यांचा अभिमान मला याच प्रकारचा वाटतो. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरं गिरवायलाही कायद्याने बंदी होती, त्यांनी शाळा काढल्या, चर्च उभारली, संगीत घडवलं, मताचा हक्क लढून मिळवला. हा इतिहास घडलेला आहे. त्याचा अभिमान बाळगायला रक्तात काही वेगळं असावं लागत नाही.

आता दुसरा प्रश्न. गटाच्या नावाने न्याय मागितल्याने गट पक्का होत असेल, तर नाव घेणं थांबवल्यावर भेद थांबायला हवा. तसा तो थांबेल का?

अमेरिकेत हा वाद सर्वोच्च न्यायालयातच झाला आहे. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी २००७ मध्ये शाळाप्रवेशाच्या एका खटल्यात जवळपास तुमच्या मित्राचंच म्हणणं मांडलं, की वंशावरचा भेद थांबवायचा तर वंशावरून भेद करणं थांबवा. २०१४ मध्ये न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी वेगळं मत नोंदवताना उलट सांगितलं, की वंशाबद्दल उघडपणे बोला आणि शतकांच्या भेदाचे परिणाम डोळे उघडे ठेवून पाहा. २०२३ मध्ये विद्यापीठप्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत न्यायालयाने रद्द केली, म्हणजे सध्या तिथे पहिली बाजू वरचढ आहे. न्यायालयाचा निकाल लागला म्हणून तत्त्वाचा प्रश्न सुटत नाही. तिथे १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. ज्या वस्त्यांत काळे लोक राहत त्या बहुतेक लाल. लाल वस्तीत घरासाठी कर्ज मिळणं दुरापास्त. १९६८ मध्ये घरांच्या बाबतीतला भेद कायद्याने बंद झाला. पण तिथल्या मध्यमवर्गाची मुख्य पुंजी घर हीच, आणि घर वारशाने जातं. ज्याच्या आजोबांना कर्ज मिळालं नाही त्याच्या नातवाकडे विकायला किंवा गहाण टाकायला घर नाही. आजच्या बँकेतल्या कर्मचाऱ्याच्या मनात काहीही वाईट नसलं तरी हा फरक तसाच राहतो. कोणी नाव घेत नाही, तरीही.

ठाण्यातली गोष्ट. माझा एक विद्यार्थी मुंब्र्याचा. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून अनेक मुसलमान कुटुंबं मुंब्र्यात आली, त्यांतलं एक याचं. नोकरी लागली, लग्न ठरलं, घोडबंदर रोडला भाड्याने घर पाहू लागला. एजंट अगदी गोड बोलणारा. फ्लॅट दाखवला, पाण्याची वेळ सांगितली, गाडी कुठे लावायची ते दाखवलं. टोकनची बोलणी झाली. मग करारासाठी पूर्ण नाव आणि सध्याचा पत्ता मागितला. पत्त्यात पिनकोड ४००६१२. संध्याकाळी फोन आला, मालकांच्या नातेवाइकांनाच द्यायचं ठरलंय. जाहिरात पुढचे कित्येक दिवस तशीच होती. हाच अनुभव दुसऱ्या इमारतीत आला, मग तिसऱ्या. एजंट म्हणतो मालक, मालक म्हणतो सोसायटी, सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात आमचा असा काही नियमच नाही. आणि खरंच, कुठल्याही कागदावर काही लिहिलेलं नाही.

या संपूर्ण प्रकारात धर्माचा उच्चार एकदाही झाला नाही. तुमच्या मित्राची अट पूर्ण पाळली गेली. उलट त्या मुलाने "माझ्या धर्मामुळे घर नाकारलं" असं म्हटलं असतं तर ओळखीचं राजकारण करतो म्हणून त्यालाच बोल लागला असता. नाव न घेण्याचा नियम ज्याला भेद सोसावा लागतो त्याचं तोंड आधी बंद करतो. तत्त्वज्ञ आयरिस मॅरियन यंग यांनी अन्यायाचा हा प्रकार फार नेमका मांडला आहे. प्रत्येक जण आपापल्या जागी रीतीप्रमाणे वागत असतो आणि सगळ्यांच्या वागण्याची बेरीज एका गटाच्या डोक्यावर येते. एकट्या माणसाचा अनुभव घेतला तर तो योगायोग दिसतो. गट म्हणून पाहिलं की नियम दिसतो.

मोजायचं असेल तरीही नाव लागतं. फ्रान्समध्ये सरकार नागरिकांची वंशनिहाय नोंद ठेवत नाही. सर्व नागरिक एकसमान, हे त्यांचं तत्त्व आहे आणि त्यामागे दुसऱ्या महायुद्धात केलेल्या ज्यूंच्या याद्यांची भयंकर आठवण आहे, ती मी हलकी लेखणार नाही. पण तिथे नोकरीतला भेद दाखवायचा तर संशोधकांना तोच अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून पाहावा लागतो. आपल्याकडेही देशपातळीवर १९३१ नंतर सर्व जातींची पूर्ण गणना प्रसिद्ध झालेली नाही. १९५१ पासून फक्त अनुसूचित जाती-जमाती मोजल्या जातात. २०२५ मध्ये केंद्र सरकारने पुढच्या जनगणनेत जातीची नोंद घ्यायचं ठरवलं. इतकी दशकं न मोजल्याने जात क्षीण झाली असं लग्नाच्या जाहिराती वाचून तरी वाटत नाही.

इथवर मी गटाच्या बाजूने बोलले. पण मला भीती दुसऱ्या टोकाचीही वाटते, आणि ती तुमच्या पत्नीच्या भीतीच्या जवळची आहे. अन्यायामुळे बनलेला गट हळूहळू स्वतःलाच रक्ताचा समजू लागतो. खरा कोण, बाटलेला कोण, कोणी कोणाशी लग्न करायचं, कोणी कसं बोलायचं, याची पहारेदारी सुरू होते. तत्त्वज्ञ टॉमी शेल्बी यांनी कृष्णवर्णीयांबद्दल लिहिताना जी वाट सुचवली ती मला सर्वांत पटते. एकजुटीसाठी सगळ्यांची संस्कृती, आवडनिवड, जगण्याची रीत एक असण्याची गरज नाही. सगळ्यांवर होणारा अन्याय एक आहे आणि तो संपवायचा आहे, एवढं पुरे. ओळख इतपत सैल ठेवली तर ती माणसाला गुदमरवत नाही.

दुसरा धोका गटाच्या आतला. प्रकल्पग्रस्तांचंच घ्या. साडेबारा टक्क्यांचा हिशोब गेलेल्या जमिनीवर चालतो, म्हणजे सातबाऱ्यावर. ज्या शेतमजुराचं, मिठागरावर राबणाऱ्याचं किंवा कातकऱ्याचं नाव सातबाऱ्यावर कधी नव्हतंच, त्याचं जगणंही त्याच जमिनीबरोबर गेलं. मोर्चात तो होता. वाटपात त्याची जागा मागे. घरातल्या लेकीबाळींची नावं वारसनोंदीत राहिली का, हा आणखी वेगळा प्रश्न. अमेरिकेत जनरल मोटर्सविरुद्ध काही कृष्णवर्णीय स्त्रियांनी केलेला दावा १९७६ मध्ये न्यायालयाने फेटाळला. कंपनी स्त्रियांना घेते, म्हणजे लिंगभेद नाही. पण कंपनी ज्यांना घेत होती त्या स्त्रिया गोऱ्या होत्या. काळ्यांना घेते म्हणावं तर ते पुरुष. दोन्ही गटांत असलेली बाई दोन्ही हिशोबांतून निसटली. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये हे उघड करून दाखवलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये अनुसूचित जातींच्या आत उपवर्गीकरण करायला राज्यांना परवानगी दिली, त्यामागचा प्रश्नही याच जातकुळीचा आहे. त्यावर दलित चळवळीतच तीव्र मतभेद आहेत. माझं मत असं, की गटाच्या नावाने न्याय मागणाऱ्याने गटाच्या आतलाही हिशोब द्यायला तयार असलं पाहिजे.

थोडक्यात इथवरचं सांगायचं तर, गट रक्ताने बनत नाही, वागवण्याने बनतो. म्हणून तो खरा आहे, आणि वागवणं बदललं तर तो सैल होऊ शकतो. त्याचं नाव अन्याय दाखवण्यापुरतं आणि भरपाई मागण्यापुरतं हवं, माणसाची किंमत ठरवण्यासाठी नको.

जात आणि वंश एकच आहेत का, हेही तुमच्या ऑफिसच्या सत्रात कोणीतरी विचारणार. एक नाहीत. नातं मात्र जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या लोकांना. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी डू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटल शहराने जातीवरून भेद करायला बंदी घातली, कारण आपण तिथे जाताना जातही सोबत नेली. तरीही आंबेडकरांनी जातीला वंश मानायला ठाम नकार दिला. १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचं मूळ गटातल्या गटात लग्न करण्याच्या बंधनात दाखवलं. १९३६ मध्ये त्यांनी विचारलं, की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांत वंशाचा कोणता फरक आहे?

आणि हे सिद्ध करणाऱ्याच माणसाने अस्पृश्यांसाठी स्वतंत्र संरक्षण मागितलं. जात रक्तात नाही, हे कळल्यावर ते "मग नाव घेणं बंद करा" म्हणाले नाहीत. जात रक्तात नाही म्हणून तिला कुठलाच आधार नाही, आणि तिने केलेलं नुकसान मात्र मोजून भरून काढलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९५० च्या राज्यघटनेत कलम १७ अस्पृश्यता नष्ट करतं आणि कलम १६ चं चौथं पोटकलम मागास वर्गांसाठी नोकऱ्यांत राखीव जागांची मुभा देतं. एकाच ग्रंथात, एकमेकांपासून पानभर अंतरावर. जात मोडायची आणि तोवर तिचा हिशोब ठेवायचा, ही दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात, हे घटना लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं. तुमच्या घरात तुम्ही एक काम हाती धरलंय आणि पत्नीने दुसरं. तुमच्यात मला विरोध दिसत नाही.

म्हणून माझा सल्ला, दाखला काढा.

जातीचा दाखला प्रत्यक्षात काय विचारतो ते नीट बघा, म्हणजे पत्नीशी बोलणं सोपं होईल. तुम्ही कोण आहात, काय मानता, मुलगी कशी आहे, यातलं काही तो विचारत नाही. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधी तुमचं कुटुंब कुठे होतं आणि त्याची नोंद काय म्हणून झाली होती, एवढं तो विचारतो. म्हणजे गावाने आणि शाळेने तुमच्या आजोबांना कोणत्या रकान्यात घातलं होतं ते. हा इतिहासाचा पुरावा आहे. तो काढल्याने तुमच्या घरात जात शिरत नाही. घरात ती कशाने शिरते ते तुम्हाला ठाऊक आहे. मुलीच्या मैत्रिणींची आडनावं विचारण्याने, तिच्या लग्नाच्या वेळी, कामवाल्या मावशींच्या वेगळ्या कपाने. तिथे जात येऊ न देणं पूर्ण तुमच्या हातात आहे आणि पत्नीचा आग्रह तिथे शंभर टक्के लागू आहे.

दाखला असला म्हणजे वापरलाच पाहिजे असंही नाही. मुलीला खुल्या जागेवर प्रवेश मिळाला तर ती घेईल. सवलत नाकारण्याचा हक्कही तिचाच, पण नाकारायलाही कागद हाती असावा लागतो. तो तुम्ही तिच्या वतीने वेळेत काढला नाहीत तर ऐन प्रवेशाच्या वेळी तिला निवड उरणार नाही. दोघं कमावतो म्हणजे बाहेर आलो, याबद्दल मात्र थोडं थांबून विचार करा. पैशाची अडचण संपली असेल. भाड्याचं घर शोधताना, मुलाखतीत आडनाव ऐकल्यावर, स्थळं पाहताना जे होतं ते पगार पाहून थांबत नाही. ओबीसींना उत्पन्नाची अट आहे आणि अनुसूचित जातींना नाही, यामागे हेही एक कारण आहे. अस्पृश्यता गरिबीपुरती कधीच नव्हती.

मुलीला न सांगता यातलं काही करू नका. सोळाव्या वर्षी कॉलेजच्या रांगेत स्वतःची जात पहिल्यांदा कागदावर वाचणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना त्या कागदाची लाज वाटते, कारण घरात त्याबद्दल कुजबुजच ऐकलेली असते. आजोबा गाव सोडून वागळे इस्टेटला का आले, कारखान्यात त्यांना कोणी जेवायला सोबत घेतलं आणि कोणी नाही, तुमच्या शिक्षणाचे पैसे कसे उभे राहिले, हे तिला आधी सांगा. मग हवं ते मत तिला बनवू द्या. ती आईच्या बाजूने गेली तरी ऐकून घ्या.

मित्राशी वाद जिंकायची गरज नाही. त्याला एवढंच विचारा, की नावं घेणं बंद केल्यावर भेद उरला आहे की संपला, हे तू कशावरून ओळखशील? त्याच्याकडे याचं चांगलं उत्तर असलं तर मलाही ऐकायला आवडेल.

कामाचं शेवटचं. तुमचं कुटुंब त्या ठरलेल्या तारखेला सातारा जिल्ह्यात राहत असेल तर नियमाप्रमाणे दाखला तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडून निघतो, ठाण्यातून नाही. आजोबांचा किंवा त्यांच्या भावंडांपैकी कोणाचा तरी प्राथमिक शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, तहसील कार्यालयातली जन्म-मृत्यूची जुनी नोंद, यांतलं जे मिळेल ते आधी शोधा. तुमचा स्वतःचा दाखला असेल तर काम बरंच सोपं होतं. अकरावीला जातीचा दाखला पुरतो, पण बारावीनंतर इंजिनीअरिंग, मेडिकलसारख्या अभ्यासक्रमांना राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि त्याला वेळ जातो. तेव्हा मे महिन्याची वाट न पाहता दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हाच शाळेत चौकशी करा. जुनी रजिस्टरं मोडी लिपीत असतील तर वाचून देणारा जाणकार लागेल, तहसीलच्या आवारात चौकशी केलीत की सापडतो.